शंभरातले चार

"नंबर आता वेबसाइटवरच मिळतो," रुग्णालयाच्या खिडकीवरच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"अहो, पण तुमची वेबसाइट माझ्या फोनवर उघडत नाही. म्हणून तर दुकान बंद करून इथे आलेय!"

"मग दुसऱ्या फोनवर उघडा."

"आणि तो कुठून आणू? झाडाला लागतो?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. ती गर्रकन वळली. हातात चहाचा कागदी कप, गळ्यात उलटं पडलेलं ओळखपत्र, विंचरायचे राहून गेलेले केस... असा एकजण उभा होता. वय तिच्याएवढंच, फार तर दोन वर्षांनी जास्त.

"हसायला काय झालं?"

"काही नाही... झाडाचं आवडलं." तो जरा पुढे आला. "बघू तुमचा फोन?"

तिने फोन पुढे धरला. सात वर्षांचा फोन. एका कोपऱ्याला तडा गेलेला, मागचं झाकण चिकटपट्टीने धरलेलं. पडद्यावर एक निळं चाक फिरत होतं. सकाळपासून फिरतच होतं.

"बापरे, हा अजून चालतो?"

"चालतो? धावतो! मी ह्यावर रोज बातम्या वाचते, हवामान बघते, मशीनच्या सुट्या भागांची चित्रं शोधते. आता एकेक वेबसाइट तोंडावर दार आपटायला लागली आहे. अपडेट करा म्हणे! फोन तेवढा अपडेट होतच नाही, मग काय करू, त्याला शिकवणी लावू? आणि हे रुग्णालय तर सगळ्यांवर कडी. ही वेबसाइट ज्याने कोणी केली ना, तो मला एकदा भेटायलाच हवा."

"भेटला तर काय कराल?"

"ह्या खिडकीसमोर दिवसभर उभा करीन. फिरत्या चाकाकडे बघत."

त्याने चहाचा घोट घेतला. मग गळ्यातलं ओळखपत्र सावकाश सुलटं केलं.

"तो... मीच."

दुसरी कोणी असती तर ओशाळली असती. ती म्हणाली, "बरं झालं. घर शोधत यावं लागलं असतं."

घरात आणि गल्लीत तिला ठिणगी म्हणत. नाव बाबांनी ठेवलेलं, आणि ते खोटं पडू नये याची तिने लहानपणापासून काळजी घेतली होती. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान बाबांचं. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या खांद्याने संप पुकारला आणि पाना-पेचकस तिच्या हातात आला. खांद्याच्या व्यायामासाठी दर आठवड्याला त्यांना संध्याकाळी रुग्णालयात न्यावं लागे. आठवडा चुकला की हात पुन्हा आखडे. मग शर्टाचं बटणही लागत नसे, आणि कोणाला सांगवतही नसे.

त्याने स्वतःच्या फोनवरून नंबर काढून दिला. बाबांसाठी तिने तो घेतला, पण चढलेला पारा काही उतरला नाही.

"पुढच्या आठवड्यात काय करू? तुम्हाला शोधत फिरू?"

"खरं सांगू? एक नवीन फोन..."

"अहो, माझ्याकडे चाळीस-चाळीस वर्षांच्या मशीन येतात. मी सुई बदलते, पट्टा बदलते. मशीन फेकून द्या म्हणून कोणाला सांगत नाही. माझ्या फोनला काय धाड भरली आहे? बोलता येतं, दिसतं, ऐकू येतं. फोन बिघडलेला नाही. तुम्ही बिघडलात!"

एवढं बोलून ती तरातरा निघून गेली. चहा त्याच्या हातातच गार झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नंबराच्या नोंदीतला पत्ता शोधत, तो दुकानाच्या पायरीवर हजर. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा.

"तुमच्यासारखा फोन आमच्या ऑफिसात कोणाकडेच नाही," तो म्हणाला. "पान कुठे अडतं ते बघायचं तर हाच लागेल. दोन दिवसांसाठी देता?"

"फोन दुकानाबाहेर जाणार नाही."

"मग... मी आत येऊ?"

तिने पायाने एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत तो येऊ लागला. दुकानात मशीनच्या तेलाचा वास, खिडकीतून तिरपं ऊन, आणि मधे तिचा तो जुना फोन. तो लॅपटॉपवर काहीतरी बदलायचा, तिच्या फोनवर बघायचा, आणि मान हलवायचा.

"हे वर मोठं चित्र कसलं आहे?" एकदा तिने त्याच्या खांद्यावरून डोकावून विचारलं.

"हसणारी डॉक्टर."

"रुग्णालयात कोणी हसताना पाहिलंय? काढा ती. तिच्याच ओझ्याने माझा फोन दमतोय."

"साहेबांची आवडती आहे ती."

"मग साहेबांनी घरी लावावी."

तो हसला की त्याच्या डाव्या गालावर एक बारीक खळी पडे. ती आपल्याला दिसत नाही असं तिने ठरवलं होतं... पण ठरवण्यासाठीही ती रोज बघावी लागे. आतल्या खोलीतून बाबा खाकरत.

"चाकवाले, जेवलात का?" ते विचारत. हे नाव त्यांनीच पाडलं होतं.

"जेवतोय, काका."

"मग आमच्या ठिणगीलाही जेवायला सांगा. तुम्ही आलात की तिची भूक पळते."

"बाबा!" ती ओरडे. त्या वेळी नेमका कुठला तरी स्क्रू तिच्या हातून पडे, आणि दोघेही एकदमच खाली वाकत.

दहाव्या दिवशी पान उघडलं. साधं, पांढरं, चित्राबित्राशिवाय. आठवडा निवडा, वेळ निवडा, झालं. तिने बाबांचा नंबर लावला आणि आनंदाने टाळीच वाजवली. तो मात्र पडद्याकडे न बघता तिच्याकडेच बघत होता.

"थांबा हं, मावशींना सांगून येते!"

मावशी शेजारच्या इस्त्रीवाल्या. दिवसभर उभं राहून गुडघे गेलेले. त्यांचा फोन जवळजवळ ठिणगीच्या फोनाइतकाच जुना. ती धावत गेली... आणि पाच मिनिटांनी परत आली ती पाय ओढत.

"मावशींच्या फोनवर उघडत नाही."

त्याने नजर लॅपटॉपकडे वळवली.

"चाक फिरतंय तिथे. तेच निळं चाक."

"ते... तुमच्या फोनमध्ये मी वेगळा पत्ता टाकून ठेवलाय," तो अडखळत म्हणाला. "साहेब नाही म्हणाले. जुने फोनवाले शंभरात चारच आहेत म्हणे, चौघांसाठी कोण मेहनत घेणार? म्हणून मी गुपचूप... फक्त तुमच्यासाठी केलं."

कान लाल झाले होते त्याचे. दुसऱ्या कुठल्या दुपारी त्या शेवटच्या तीन शब्दांनी ती विरघळून गेली असती.

"मला भीक घातलीत?"

"अहो, भीक काय म्हणता..."

"मग काय म्हणू? माझ्या बाबांचा खांदा तेवढा खांदा, आणि मावशींचे गुडघे म्हणजे काय बिजागऱ्या? आणि कोण हो तुमचे साहेब, कसे मोजले त्यांनी हे चार?"

"वेबसाइटच मोजते. कोण कुठल्या फोनवरून आलं ते तिच्यात नोंदलं जातं."

"म्हणजे जे आत आले ते मोजले!" तिचा आवाज चढला. "ज्याच्या तोंडावर दार बंद झालं तो आत मोजला जाईल का? त्याला खिडकीपाशी मोजायला हवं. पण तिथे कोण उभं राहतंय? तुम्ही तर चहा पीत हसत होतात!"

त्याचा चेहरा पडला. तिने लॅपटॉप मिटून त्याच्या हातात दिला.

"उद्यापासून ही पायरी चढू नका."

तो खरंच आला नाही.

दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. ती मशीनवर राग काढू लागली. इतके पेच आवळले की बाबांनाच ते डाव्या हाताने सैल करायला उठावं लागलं. दुपारी पायरीवर पाऊल वाजलं की तिची मान आपोआप वर होई. गिऱ्हाईक दिसलं की त्या बिचाऱ्यावरच ती खेकसे.

"अगं, इतकं तेल घालतेस त्या मशीनला," बाबा म्हणाले, "थोडं जिभेवरही घालावं माणसाने."

"माझं काय चुकलं?"

"काही नाही. तू बरोबरच बोललीस." ते जरा थांबले. "बरोबर बोलून झाल्यावर एकटं जेवायला लागतं, एवढंच."

बाराव्या दिवशी मावशी दुकानात आल्या. लंगडत होत्या, पण तोंडभर हसत होत्या. फोन त्यांनी वर धरला होता.

"मिळाला गं नंबर! नेहमीच्याच पत्त्यावर उघडलं. ना चाक, ना काही!"

तिने मावशींना स्टुलावर बसवलं, दुकान बाबांवर सोपवलं, आणि तेलकट हातांनीच रुग्णालय गाठलं.

खिडकीवरच्या बाईंनी या वेळी मान वर केली.

"तुम्हीच ना त्या झाडावरच्या फोनवाल्या? काय करून ठेवलंत हो त्या पोराचं! आठ दिवस सकाळी खुर्ची टाकून माझ्या शेजारी बसला. जो नंबराविना परत जाईल त्याला थांबवून विचारायचा, फोन कुठला, आजार कुठला, किती लांबून आलात. नंबर घ्यायला येणाऱ्या शंभरात एकतीस जुने फोनवाले निघाले, एकतीस! मग साहेबांना हाताला धरून आणलं आणि अख्खी सकाळ इथे उभं केलं. काय जुंपली दोघांची! शेवटी एक म्हातारे गृहस्थ तिसऱ्यांदा परत निघाले, तेव्हा कुठे साहेब नरमले. परवापासून पान सगळ्यांना उघडतंय."

"कुठे आहेत ते?"

"साहेब?"

"अहो, साहेबांना काय चुलीत घालू? ते... ते वेबसाइटवाले!"

बाईंनी हसू दाबत जिन्याकडे बोट केलं.

जिना उतरून शेवटची खोली. तो टेबलाशी वाकून बसला होता, समोर न उघडलेला डबा. तिला बघून ताडकन उभाच राहिला.

"आता काय बिघडलं?"

"बिघडलं? पान परवाच सुरू झालं म्हणे. मला कळवायची पद्धत आहे की नाही?"

"तुम्हीच म्हणालात, पायरी चढू नका."

"मी म्हटलं, आणि तुम्ही ऐकलंत?" तिचा आवाज भरून आला, त्याचाही तिला रागच आला. "साहेबांशी भांडलात, आठ दिवस खिडकीशी बसलात... आणि माझ्याशी एकदा भांडायला येता आलं नाही?"

"साहेबांशी भांडण सोपं होतं," तो हळूच म्हणाला. "हरलो असतो तर नोकरी गेली असती. तुमच्याशी हरलो असतो तर..."

"तर?"

"तर पुन्हा कुठल्या निमित्ताने येणार होतो? फोनही दुरुस्त झाला होता."

"फोन बिघडलाच नव्हता!"

"हो. माझंच बिघडलंय. त्या झाडाच्या दिवसापासून." त्याने एकदा खाली बघितलं, मग सरळ तिच्याकडे. "तुम्ही मला आवडता. रागावता तेव्हाही. खरं तर... तुम्ही रागावल्याशिवाय कधी असता ते मला अजून माहीतच नाही."

ती काहीतरी खणखणीत उत्तर द्यायला गेली, पण शब्दच सापडेना. आयुष्यात पहिल्यांदाच असं होत होतं. तेलाचे हात पुसायला काही मिळेना, म्हणून तिने ते पाठीमागे लपवले.

"मग या ना बघायला," ती शेवटी म्हणाली.

"कधी?"

"कधी काय विचारता? बारा दिवस वाया घालवलेत. आत्ता!"

त्याने डबा उचलला. जिन्यात तिने त्याचा हात धरला, तेव्हा त्याच्या पांढऱ्या बाहीवर तेलाची चार बोटं उमटली. तो ती पुसायला लागला.

"राहू द्या," ती म्हणाली.