केशरचा पितळी बदाम

शिवानंदचा खिसा फाटका होता, म्हणून हे सगळं झालं.

रामनगरच्या स्टँडवर बेळगावहून आलेलं पार्सल उचलायला तो वाकला, आणि शर्टाच्या खिशातलं डिजिटल कॅलिपर सटकन निसटून एका पोरीच्या पायाशी पडलं. तिनं ते उचललं, उलटंपालटं करून बघितलं.

"हे काय वो? पाना हाय?"

"पाना न्हाई, माप हाय. मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतंय."

"एवढं बारीक मोजता… आणि खिशाचं एवढं मोठं भोक दिसत न्हाई व्हय?"

ती हसली, आणि दांडेलीच्या आयटीआयत तोंडी परीक्षेला कधी न अडखळलेल्या शिवानंदनं नुसतंच खिशाच्या भोकात बोट घालून बघितलं.

ती केशर. गुंद गावच्या भिकाजीची थोरली. रामनगरात खोली घेऊन साड्यांना पिको-फॉल करायची. तिनं ओढणीची गाठ सोडली. आत पितळेचा नखाएवढा तुकडा होता, बदामाच्या आकाराचा. पिकोच्या मशीनमधली सुई डावी-उजवीकडं ढकलायचं काम त्याचं. मशीन जुनी, चालेनाशी झालेली, आणि असा तुकडा आता बेळगावातसुद्धा मिळत नव्हता.

"असा नवा करून देताय? मशीन चालली की खिसा मी शिवून देते."

शिवानंदच्या बापाचं, तुकारामचं, गोवा रोडला पंक्चरचं दुकान. मागच्या पत्र्याच्या शेडात पोरानं टेबलावर मावेल अशी सीएनसी मशीन जोडली होती. कॉम्प्युटर सांगेल तसा ती धातू कोरायची. हौसेचं काम! नावाच्या पाट्या, की-चेन, असलं काहीबाही. त्यात थोडं इकडंतिकडं चालायचं. बदामाला चालत नव्हतं. मिलिमीटरच्या दोन शतांशाच्या आत यायला पाहिजे, आणि पहिला आला तो पंधरा शतांश चुकलेला.

केशर रोज दुपारी येऊ लागली. मशीनचं सरकतं टेबल उलट्या दिशेला न्यायचं झालं की स्क्रू आधी केसभर नुसताच फिरायचा, मग टेबल हलायचं. शिवानंद मग प्रत्येक मापाला एकाच बाजूनं येऊ लागला. कापायच्या आधी मशीन वीस मिनिटं रिकामी फिरवून तापवू लागला. कटर बसवायच्या जागी एक कण राहिला तरी कटर वाकडा फिरतो, म्हणून केशर तिथं फुंकर मारून ओढणीनं पुसायची. पंधराचे आठ झाले, आठाचे पाच. पाचावर मात्र गाडी अडली.

"तुळशीच्या लग्नापर्यंतच दिवस हाईत," एकदा ती म्हणाली. "बा म्हणतोय, मशीन चालली तर ऱ्हा रामनगरात. न्हाईतर फोंड्याचं स्थळ आलंय, सुपारी फोडूया."

"मग तुला… तुला काय पाहिजे?"

"मला?" ती त्याच्याकडं बघतच राहिली. "मला बदाम पाहिजे."

आता ह्या शहाण्याला काय म्हणावं! पोरगी डोळ्यांनी सगळं सांगतीया, आणि हा मान खाली घालून मशीनला लावलेल्या मापाच्या डायलचा काटा बघतोय. मनात मात्र त्याचं पक्कं होतं… एकदा बदाम बसू दे, मग बोलतो. काम न करताच बोलायचं तर कुठल्या तोंडानं?

"थांब!" केशर एकदम ओरडली. "बाहेर ट्रक गेला बघ. तवाच काटा थरथरला."

खरंच की! गोव्याला जाणारा प्रत्येक भरलेला ट्रक शेडाची जमीन हलवत होता. दुसऱ्या दिवसापासून केशर रस्त्याच्या कडेला उभी राहू लागली. रस्ता मोकळा दिसला की ओढणी वर करायची, "आता!" म्हणायची, की आत शिवानंद शेवटचा पातळ काप घ्यायचा. एकदा रस्ता कधीचा रिकामा, आणि ही गप्पच.

"अगं, आता का म्हणाली न्हाईस?"

"बघत व्हते. ट्रक नसला तरी बाहेर बघतोस का ते."

शिवानंदचे कान लाल झाले. ते सुख त्यानं आठ दिवस पुरवून पुरवून वापरलं.

तुळशीच्या लग्नाला दोन दिवस उरले, आणि बदाम आला. जुन्याशी ताडून बघितला, फरक फक्त एक शतांश! दोघं धावतच तिच्या खोलीवर गेली. त्यानं तो बसवला. केशरनं साडी लावली, पाय मारला.

चार टाके. दोरा तुटला. पुन्हा चार टाके, पुन्हा तुटला.

केशरनं हात मांडीवर ठेवले आणि त्याच्याकडं बघितलं. कितीतरी वेळ.

"आता?"

"आता… परत मोजतो," शिवानंद म्हणाला.

ती उठली. संध्याकाळच्या गाडीनं गुंदला गेली.

शिवानंद शेडात जुना बदाम घेऊन बसला. तुकारामनं तो पोराच्या हातातून घेतला, एका बाजूवरून अंगठा फिरवला.

"ही बाजू झिजलीया की रं. गुळगुळीत झालेला टायर बघून नवा टायर काढलास व्हय?"

शिवानंदला जागच्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस जीव ओतून त्यानं झीजच हुबेहूब कोरली होती! न झिजलेल्या बाजूचं माप घेऊन नवा बदाम काढायला त्याला चार दिवस लागले.

केशर सामान न्यायला परत आली, तेव्हा तो तिच्या खोलीच्या दारातच उभा होता. आत जाऊन त्यानं आधी बदाम बसवला.

"शर्ट काढ," केशर म्हणाली.

तो बनियनवर उभा राहिला. तिनं फाटक्या खिशाची कड सुईखाली धरली. मशीन सरसर चालली. एक टाका चुकला नाही.

"चालली," तो म्हणाला.

"व्हय. चालली."

"केशर, बदाम बसला की बोलणार व्हतो मी. मला तू… मला तूच पाहिजेस गं."

"परवा सुपारी फुटली, शिवा."

"पर मशीन तर आता…"

"मशीनसाठी कोण थांबलं व्हतं?" तिचा आवाज फाटला. "दोरा तुटला तवा तुझ्या तोंडाकडं बघत बसले व्हते मी. एक शबुद बोलला असतास, तर मशीन भंगारात घालून बाच्या म्होरं उभी ऱ्हायले असते. तू म्हणालास, परत मोजतो."

त्याला रडू आलं. पोरीसमोर, तिथंच. "अजून सांग की बाला…"

"गावादेखत फुटली रं सुपारी. मी मोडली तर पाठच्या मयूरीला कोण दारात उभं करंल?" तिनं डोळे पुसले. "मशीन तिला देते. ती तरी ऱ्हाईल रामनगरात." दोरा दातानं तोडून तिनं शर्ट त्याच्या हातात दिला. "घाल. मी बोलले तेवढं केलं."

तिचं गाठोडं घेऊन तो स्टँडपर्यंत गेला. ती खिडकीशी बसली. गाडी हलली, तसा तो गाडीमागं चार पावलं धावला. चपलेचा पट्टा तुटला, म्हणून तो वाकला.

खिशातलं कॅलिपर पडलं नाही.