कोण करणार, कधीपर्यंत

गाडीच्या काचेवर टकटक झाली तेव्हा मी मांडीवर फाइल उघडून बसले होते. बाहेर पावसाची भुरभुर, समुद्रावरून येणारा बोचरा वारा, आणि एक उंच माणूस वाकून आत बघत होता. हात ग्रीसने काळे, केसांतून पाणी निथळतंय.

"हिरव्या सायकलीसाठी आलात ना? बरं झालं लवकर आलात. पाऊस वाढायच्या आत चालवून बघा."

मी काही बोलणार तोवर त्याने दार उघडून धरलं होतं. कोटाच्या आत गळ्यात माझं ओळखपत्र होतं. ते काढून दाखवायला किती वेळ लागला असता? पण नाही दाखवलं. का नाही, हे मी पुढची तीन वर्षं स्वतःला विचारत होते.

"वीस वर्षांत हात लावलेला नाही सायकलला," मी म्हणाले.

"मग सावकाश जा. मी मागून धरतो."

"सोडू नका हं."

"नाही सोडत."

चर्चपर्यंत गेलो आणि परत आलो. मी वेडीवाकडी चालवत होते, तो सीट धरून मागे पळत होता आणि धापा टाकत म्हणत होता, "छान... छान... समोर बघा बाई, माझ्याकडे नको." दुकानाशी पोचलो तर वरच्या खिडकीत एक मुलगी काचेला नाक लावून हसत होती. पोट धरून हसत होती. तो सीट धरूनच थांबला आणि वर बघत राहिला.

"तीन आठवडे झाले तिला येऊन," तो हळूच म्हणाला. "आज पहिल्यांदा हसतेय."

मग मात्र माझी मलाच लाज वाटली. खाली उतरून मी ओळखपत्र बाहेर काढलं. "मी हेस्टर थ्वेट. टॅन्सीच्या आढाव्यासाठी आलेय. चारची वेळ होती."

त्याने कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं.

"म्हणजे... सायकल नको?"

तो जॉस टायसन. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान, वर घर. ज्या मुलांना आईबाप सांभाळू शकत नाहीत, ती इथे काउन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, जबाबदारीवर असतात, आणि काउन्सिल त्यांना जॉससारख्यांच्या घरी ठेवतं. मुलाचं पुढे काय करायचं याची योजना सोशल वर्कर बनवते. ती योजना खरंच मुलाच्या भल्याची आहे का, हे सहा-सहा महिन्यांनी तपासणारी मी. पगार काउन्सिलचा आणि जाब विचारायचा तोही काउन्सिललाच. त्यामुळे ऑफिसात माझ्या टेबलाशी कुणी फारसं रेंगाळत नाही.

बैठकीआधी मुलाला एकटं भेटायचं, हा नियमच आहे. टॅन्सी तेव्हा सात वर्षांची होती. पलंगाच्या कडेला बसून तिने मला नीट न्याहाळलं.

"तू पुढच्या वेळी पण येशील?"

"येईन."

"सगळे येईन म्हणतात."

आतापर्यंत किती सोशल वर्कर झाल्या ते तिने बोटांवर मोजलं. एक हात संपला, दुसऱ्याचं एक बोट लागलं. घरं चार. आणि आमच्या कामात जे कधी बोलू नये ते मी बोलून बसले. "मी दर वेळी येईन."

आमच्याकडे आढाव्याचा अहवाल मुलाला लिहिलेल्या पत्रासारखा लिहितात, म्हणजे मोठं होऊन त्याने आपली फाइल मागवली तर त्याला ती समजावी. शेवटी एक यादी: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. टॅन्सी ती पत्रं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. पत्र आलं की जॉसने ते जेवणाच्या टेबलाशी मोठ्याने वाचायचं, असा तिचा हुकूम होता.

असे आम्ही दर सहा महिन्यांनी भेटत गेलो. वर्षातून दोन दुपारी. एवढ्याशा भेटींत माणूस गुंततं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

"केस कापलेत," ऑक्टोबरात जॉस म्हणाला.

"जूनमध्येच कापले. आता वाढलेत."

"मला काय माहीत? मला आज दिसले."

चहात मला साखर लागत नाही, हे त्याला एकदाच सांगावं लागलं होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत गार वारा लागतो म्हणून ती खुर्ची तो मी यायच्या आधीच भिंतीशी सरकवून ठेवायचा. आणि ती हिरवी सायकल दर वेळी दुकानात तिथेच उभी असायची.

"अजून विकली नाही?" मी एकदा विचारलं.

"गिऱ्हाईक मिळत नाही हो."

"मिळतं," टॅन्सी जिन्यावरून म्हणाली. "गेल्या आठवड्यात दोघं आली होती. हा म्हणतो, ती ठेवलेली आहे."

जॉसने चाकाची एक तार उगाचच घट्ट केली. त्याचे कान लाल झाले होते. मी फाइलमध्ये डोकं खुपसलं, पण एकही ओळ वाचली नाही.

एवढंच. त्याने माझा हात कधी धरला नाही, मी त्याला कामाशिवाय फोन केला नाही. पण भेटीच्या आदल्या दिवशी मी निळा ब्लाउज धुऊन ठेवायचे, आणि स्वतःला सांगायचे की तो लवकर वाळतो म्हणून.

सहाव्या आढाव्याला नवी सोशल वर्कर आली, इमोजेन. स्वभावाने वाईट नव्हती, पण तिच्या हातात एक छापील योजना होती. जॉसला मंजुरी फक्त थोड्या काळासाठी मूल ठेवण्याची होती. नव्वद मैलांवर एक जोडपं होतं, दोघं शिकलेली, मोठी बाग, टॅन्सीला कायमची न्यायला तयार. कागदावर सगळं छान होतं. जॉस चहातला चमचा फिरवत राहिला. साखर नव्हती, तरी फिरवत राहिला.

टॅन्सी आता दहाची होत आली होती. ती म्हणाली, "मी कुठे झोपणार ते माझ्याआधी सगळ्यांना कळतं." आणि उठून खोलीत गेली.

निघताना दारात जॉसने माझा कोट धरला. "मी तिला कायमची ठेवायला तयार आहे. मी अर्जही केलाय. हे लिहाल ना?"

"लिहीन."

"आणि तुम्हाला... तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

मी एक हात बाहीत घातला, दुसरा सापडेना. तो बाही धरून उभा राहिला. इतक्या जवळ आम्ही त्या सायकलनंतर कधी उभे नव्हतो.

"हेस्टर—"

"आज काही बोलू नका," मी म्हणाले. "प्लीज."

दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसून मी विरोधपत्र लिहायला घेतलं. तो माझा अधिकार होता. मी हरकत घेतली की काउन्सिलला योजना थांबवावी लागते. पहिलं वाक्य लिहिलं: या मुलीला या घरातून हलवणं चूक आहे. ते खरंच होतं. पण लेखणी तिथेच थांबली. टॅन्सी गेली तर मी पुन्हा त्या जिन्याच्या पायऱ्या कधी चढणार नव्हते. मग हे वाक्य मी कुणासाठी लिहितेय? तिच्यासाठी की माझ्यासाठी? दोन तास बसले आणि प्रामाणिक उत्तर सापडलं नाही. मी त्या माणसावर प्रेम करत होते. ते कबूल करायला मला विरोधपत्र लिहायची वेळ यावी लागली.

मी उठून माझ्या वरिष्ठ, मर्टल स्केफ, यांच्याकडे गेले आणि दार लावून घेतलं.

"काही घडलंय का तुमच्यात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. पण माझ्या मनात आहे."

"मनातलं कोण विचारायला येतंय?"

"टॅन्सी येईल. अठरा वर्षांची झाली की फाइल मागेल."

मर्टलबाईंनी चष्मा काढला. "हे बघ, तू सोडलीस तर ही केस मी ऑडीला देईन. तो रिटायर व्हायला आलाय, कुणाला बरं वाटावं म्हणून त्याने आयुष्यात काही लिहिलेलं नाही. त्याला ते जोडपं पटलं तर पोरगी जाईल. तू गप्प बसलीस तर तुझं पत्र आज जातं आणि ती बहुतेक राहते. कळतंय का तुला?"

"कळतंय. पण उद्या कुणी म्हणालं, की हिचं त्याच्यावर मन होतं म्हणून हिने अडवलं... तर सगळं पहिल्यापासून. मग ती बारा वर्षांची असेल आणि तेव्हा हलवतील तिला."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाल्या, "जॉसच्या अर्जावर काउन्सिलच्या समितीचा निकाल लागेपर्यंत त्या घराकडे फिरकायचं नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही. फक्त मुलीला एक पत्र लिही, ते मी वाचून पाठवीन."

ते पत्र मी नऊ वेळा लिहिलं.

'प्रिय टॅन्सी, मी दर वेळी येईन असं म्हणाले होते. पुढच्या वेळी मी येणार नाही. यात तुझी काही चूक नाही. तुझं काम करणाऱ्या माणसाच्या मनात फक्त तुझी बाजू असावी लागते. माझ्या मनात आणखी एका माणसाची बाजू येऊन बसली आहे. ती काही जात नाही. म्हणून तुझं काम मी मिस्टर ऑडींना देते आहे. ते हसत नाहीत, पण ऐकतात. त्यांना सगळं सांग. मी शब्द मोडला हे खरं आहे आणि तुला माझा राग आला तर तो बरोबर आहे. काय ठरलं: तुला खरं सांगायचं. कोण करणार: हेस्टर. कधीपर्यंत: आज.'

हे पत्र जॉस टेबलाशी मोठ्याने वाचणार, हे मला माहीत होतं. आणखी एका माणसाची... तिथे तो थांबेल का? त्याला कळेल का? आणि मला त्याहून जास्त छळत होतं ते वेगळंच. येईन म्हणून न आलेल्यांच्या यादीत टॅन्सी आता माझं नावही घालणार होती. तिच्या बोटांवर आणखी एक.

चार महिने गेले. एकदा बाजारात जॉस दिसला. रस्त्याच्या पलीकडे, हातात ब्रेडची पिशवी. मधे फार तर दहा पावलं. त्याने हात वर केला. मीही केला. दोघंही आपापल्या बाजूला उभे राहिलो. बस मधून गेली, आणि ती गेल्यावरही तो तिथेच होता. शेवटी मीच वळले. त्या दिवशी घरी जाऊन खूप रडले, आणि रडताना एकीकडे वाटत होतं, त्याला कळलंय.

मार्चमध्ये क्लेमंट ऑडी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"समितीचा निकाल लागला. मुलगी तिथेच राहणार, कायमची. मी तिला तीनदा भेटलो. त्या जोडप्यालाही भेटलो, माणसं चांगली आहेत. पण मुलीचं घर हेच आहे. तुझं मत मी विचारलं नव्हतं आणि फाइलमधलंही वाचलं नव्हतं, हे तुला माहीत असावं म्हणून सांगतो."

मी नुसती मान हलवली.

"आणि हे तुला द्यायला सांगितलंय," त्यांनी खिशातून एक चुरगळलेलं पाकीट काढलं. "आता ती केस तुझी नाही, तेव्हा दिलं तर चालतं. पण मी काही पोस्टमन नाही. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

आत वहीचं एक पान होतं.

'प्रिय हेस्टर, हा तुझा आढावा आहे. हजर: मी आणि जॉस. तुला बोलावलं नव्हतं, कारण तू नेहमी म्हणतेस की मुलाला बोलवावं, पण मोठ्यांना बोलवावं असं कुठे लिहिलेलं नाही. तुझं शेवटचं पत्र जॉसने अर्धंच वाचलं आणि किटली बघायला गेला. किटली लावलेलीच नव्हती. उरलेलं मी वाचलं. मला खूप राग आला. मी ते पत्र डब्यात ठेवलं नाही, पलंगाखाली टाकलं. मग मिस्टर ऑडींनी विचारलं की तुझ्याशी कधी कोण खोटं बोललं नाही, तेव्हा मी विचार केला. आता ते डब्यात आहे. काय ठरलं: तू रविवारी तीन वाजता यायचं. कोण करणार: हेस्टर. कधीपर्यंत: सायकल गंजायच्या आत. काय ठरलं: जॉसने जे बोलायचं आहे ते बोलायचं. कोण करणार: जॉस. कधीपर्यंत: त्याला भीती वाटते म्हणून तारीख लिहिलेली नाही.'

मी ते मर्टलबाईंना नेऊन दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "ऑफिसच्या रजिस्टरमध्ये या भेटीची नोंद कर आणि जा."

रविवारी मी पाऊणलाच पोचले आणि गाडीत बसून राहिले. मांडीवर फाइल नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं ते कळेना. अडीचला काचेवर टकटक झाली.

"हिरव्या सायकलीसाठी आलीस ना?" जॉसने विचारलं. हात स्वच्छ धुतलेले होते.

"हो," मी म्हणाले. "आज त्याचसाठी आलेय."

सीट माझ्याच उंचीला लावलेली होती. तीन वर्षं तशीच होती, तो म्हणाला, कुणी खालीवर करू नये म्हणून नट आवळून ठेवलेला. मी बसले. त्याने मागून धरलं. चर्चच्या कोपऱ्यापर्यंत तो मागे पळत होता. मग धापा टाकत म्हणाला, "माझं... तुझ्यावर प्रेम आहे. पहिल्या दिवसापासून. समोर बघ."

मी ब्रेक दाबला आणि समोर बघितलं नाही. त्याचा ओला गाल माझ्या गालाला लागला.

परत आलो तर टॅन्सी दारात उभी होती. उंच झाली होती. मी खाली उतरले आणि आम्ही दोघी एकमेकींसमोर नुसत्या उभ्या राहिलो. मग तिने कपाळ माझ्या खांद्यावर टेकवलं, क्षणभरच, आणि मागे सरली.

"पुढच्या रविवारी?" तिने विचारलं.

"येईन."

मी वाट बघत राहिले, ती आता 'सगळे येईन म्हणतात' म्हणेल म्हणून. ती म्हणाली नाही. आत गेली आणि किटली लावली.