पात्यांच्या मुळाशी

हवायंत्राची दुरुस्ती संपली होती. झाकण तेवढं बसवायचं राहिलं होतं, पण तपस नावाचा यंत्रमानव ते बसवू देईना. समुद्रतळावरच्या शिंपला वसाहतीत सगळे त्या एकाच यंत्राच्या हवेवर जगत. सध्या श्वास चालले होते ते साठ्याच्या टाक्यांवर, आणि टाक्यांचे काटे हळूहळू खाली उतरत होते.

शाल्मलीला तपसचा आधीपासूनच राग आला होता. यंत्रघराच्या दारातच त्याने तिच्या केसांतली पिन आणि कानांतलं काढून घेतलं होतं. तिचे आबा वसाहतीचे मुख्य शास्त्रज्ञ, पण त्यांचाही चष्मा त्याने दोरीने मानेला अडकवला. प्रत्येक हत्याराला दोरी, प्रत्येक उघड्या नळीच्या तोंडावर लाल टोपण.

आता तो दोघांकडे रोखून बघत होता. हवेच्या वाटेत काहीतरी हललेलं त्याला दिसलं होतं. पुन्हा पाहिलं, तर तिथे काही नव्हतं. तुमच्यापैकीच कुणाचं तरी काही आत पडलंय, असं त्याचं म्हणणं. शाल्मलीने खिसे उलटे केले, आबांनी शर्टाची बटणं चाचपली. काहीच हरवलं नव्हतं.

हा मुद्दाम तर अडवत नाही ना, असं शाल्मलीने आबांना हळूच विचारलं. आबांनी नकारार्थी मान हलवली. आतलं चक्र (हवा दाबून पुढे ढकलणारं पात्यांचं चाक) इतकं वेगाने फिरतं, की पाती वेगळी दिसत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. त्या वेगात बारीक खडासुद्धा गोळीसारखा आदळतो. पात्याचा टवका उडतो, तो दुसऱ्या पात्याला फोडतो. मऊ वस्तू असली, तर ती बेअरिंगला (फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या कड्याला) तेल पोचवणारी नळी बुजवते. म्हणून आत काही गेल्याची नुसती शंका आली, तरी यंत्र सुरू करायचं नाही.

"म्हणजे आत हात घालणाऱ्या प्रत्येकावर संशय घ्यायचा?"

"माणसावर नाही गं. त्याच्या अंगावरच्या वस्तूंवर. त्या कुणाच्याही पडतात."

शाल्मली विचारात पडली. सगळ्यात जास्त वेळ आत हात कुणाचा होता?

"तपस, तुझे हात दाखव."

तो थबकला. तपासणारा मी आहे, मला कुणी तपासत नाही, असं काहीसं पुटपुटला. पण त्याने हात पुढे केले. उजव्या अंगठ्याच्या रबरी टोपीची कड फाटली होती. नखाएवढा तुकडा गायब होता.

रबर कुठेतरी चिकटूनच बसणार, म्हणून आबांनी लवचिक नळीवरचा कॅमेरा आत सोडून सांदीकोपरे पाहिले. तुकडा पात्यांच्या मुळाशी होता. चिमट्याने काढून तो टोपीच्या फाटक्या कडेला लावून पाहिला. तंतोतंत बसला, म्हणजे आत काही उरलं नव्हतं. मग झाकण बसलं, आणि थोड्याच वेळात जाळीतून गार हवा चेहऱ्यावर आली. शाल्मलीने छाती भरून श्वास घेतला.

आणखी खोल पाण्यात नवी वसाहत उभी राहत होती. तिथल्या यंत्राच्या जोडणीला आबा तिला आणि तपसला नेणार होते.

"तिथे दारात मला कोण तपासणार?" तपसने विचारलं.

 शाल्मली आधीच त्याचा डावा हात उलटून बघत होती.