मुंगसा, तोंड दाखव

जयराजला मी पहिल्यांदा पाहिलं तेच रागानं. आणि चूक त्याचीच होती!

सकाळी शाळेला निघाले होते. कुंडलच्या रस्त्यावर उसातून एक मुंगूस सुळकन आडवं गेलं. मी करकचून ब्रेक दाबला, समोरच्या सायकलवरच्या पोरानंही दाबला. चाकाला चाक टेकलं...

"अय्या, मुंगूस! आज दिवस चांगला जाणार," मी म्हणाले.

"मंगूज," तो हसला. "इंग्रजी शब्द आहे तो. तुम्ही गावाकडं बिघडवून त्याचं मुंगूस केलंय."

गावाकडं? बिघडवून? पाचगणीच्या बोर्डिंगातनं हा काल मामाकडं राहायला आला, आणि आज आमाला आमचं मुंगूस शिकवतोय! पापण्या मात्र लांब होत्या त्याच्या... त्यामुळं तर आणखीच राग आला.

निघाला माझ्याच वर्गात! त्यानं ही गंमत सगळ्यांना सांगितली. लगेच मागच्या बाकावरनं हाक, "ए मुंगूस!" इंग्रजी वाचायला मी नुकतीच आपणहून हात वर करायला लागले होते. त्या तासाला दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

पण गप्प बसंल ती शिवांजली न्हाई! मधल्या सुट्टीत मॅडमना विचारून कपाटातला जाडजूड इंग्रजी कोश काढला. मंगूज... मूळ शब्द — मराठी. मराठी!

कोश त्याच्या बाकावर आदळला. "वाच. मोठ्यानं!"

त्यानं वाचलं. कान लालेलाल. "म्हणजे... आपलाच शब्द..."

"आता आपला व्हय? नेला इंग्रजांनी, मोडला त्यांनी, आणि हसायचं आमाला?"

तो उठला. भरल्या वर्गात फळ्यावर लिहिलं — 'मुंगूस बरोबर. मी चूक.' पुढच्या तासाला माझा हात सगळ्यांत आधी वर होता.

तरी सुटल्यावर मी सायकल तशीच दामटली.

"शिवांजली, थांब ना! चूक कबूल केली की..."

"आणि मला चिकटलेलं नाव? ते कोण पुसणार?" मी मागं वळलेच न्हाई.

मग मागनं हळूच, अडखळत — लहानपणी मुंगूस दिसलं की आमी सगळी ओरडायचो, तेच...

"मुंगसा मुंगसा, तोंड दाखव... तुला रामाची शप्पथ!"

"हे कुणी शिकवलं तुला?"

"मामीनं. मधल्या सुट्टीत डबा द्यायला आली तेव्हा."

शप्पथ घातल्यावर काय करणार? वळले. हसू दाबायचं तेवढं राहून गेलं.

"मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो ना?" तो चाकाकडं बघत म्हणाला. "मग... रोज दिसशील?"

"दिसंन," मी पायडल मारलं. "उच्चार नीट केलास तर!"