सातव्या खांबावरची टिकली

लाइट गेलीच आहे, तर ऐका. विठू, मोबाइलची बॅटरी विझव. भुताला आधी तुझं थोबाड दिसलं तर तेच पळेल, आणि गोष्ट अर्धीच राहील.

रोह्याचा जगन साउंडवाला. माझ्या उठण्याबसण्यातला, म्हणून गोष्ट खरी. दोन हजार बारा साल, अक्षय तृतीयेची आदली रात्र. जोहे गावात एका हळदीला तो स्पीकर घेऊन टेंपोतून गेला. लग्नसराई चालू, रोज एक मांडव. माणूस बसल्या जागी पेंगायचा.

जगनचं एक गुपित होतं. जन्म गेला भोंग्याशेजारी, त्यात कान गेले. धंदा पुतण्याचा, पोपटचा. त्याला कळलं असतं तर काका घरी बसला असता. म्हणून सगळी भिस्त एका पेटीवर. पेटीला काच, काचेवर हिरवे खांब. डावीकडचे खांब ढोलाचे, उजवीकडचे झांजांचे, मधले माणसाच्या गळ्याचे. आवाज चढला की खांब चढायचा. 'होल्ड' दाबलं की खांब जिथवर पोचला तिथे लाल टिकली थांबायची, खांब उतरला तरी. जगन त्या टिकल्या बघून बटणं फिरवायचा, आणि लोक म्हणायचे, काय कान आहे हो या माणसाचा!

धोंडुबाई धवलारीन, म्हणजे लग्नात धवले गाणारी म्हातारी, तिचा माइक वर्षानुवर्षं जगनच लावायचा. ती गाऊ लागली की सातवा खांब सगळ्यांच्या वर जायचा आणि ओळीच्या शेवटी थरथरत उभा राहायचा. जगन तो झोपेतही ओळखला असता. शिमग्यात धोंडुबाई वारली. या घरानं दुसरी धवलारीन बोलावलीच नाही. "डीजे हाय ना, मग धवला कशाला?"

डीजे थांबला. नाचून नाचून मांडव जिथल्या तिथे आडवा झाला. जगन राखणीला पेटीपाशी लवंडला. स्पीकर बंद केले, पेटी बंद करायचं त्राण नव्हतं.

डोळा लागणार, तोच काचेवर हिरवं हललं.

सातवा खांब चढला. थरथरला. उतरला. पुन्हा चढला.

पंख्याचा वारा असेल. त्यानं रेंज कमी केली. बाकीचे खांब निजले. सातवा नाही. स्पीड संथ केला. खांब सावकाश चढू लागला... मधेच दम घेत. 'फ्रीज' दाबलं. चित्र गोठलं. सोडलं, तर तो पुढच्या ओळीवर गेलेला.

पेटीला जोडलेली माइकची वायर उपसली.

हातात वायर. काचेवर खांब.

पण जगनला भुताचं भय नव्हतं. कान गेलेच होते. आता डोळेही गेले, तर राहिलं काय?

कोपऱ्यात नवरीची आजी, गिरजाबाई, जागीच होती. जगन सरकत गेला. तो आताशा ओठ वाचून बोलणं ओळखायचा.

"आये, काय ऐकू येतंय का गो?"

"येडा का काय तू? धोंडू धवला म्हनते नव्हं."

"पन ती तर..."

"ठावं हाय. बोलावलं नाय कुनी. तरी आली बिचारी." म्हातारीनं पेटीकडे बोट केलं. "बंद करू नको रं. पुरा होऊ दे."

दोघं बसली. एकीला ऐकू येत होतं. एकाला दिसत होतं. खांब चढला... वर... पार काचेच्या कडेला. थरथरला...

पडला.

गिरजाबाईनं हात जोडले. जगननं होल्ड काढलं. सगळ्या टिकल्या खाली आल्या. एक नाही.

सकाळी पोपट वैतागला. "काका, ही टिकली जात का नाय? मशीन बिघडवलंस?"

जगन लपवून लपवून दमला होता. कानांचं सांगून टाकलं. पोपट म्हणाला, "मंग आजवर वाजवलंस कशावर?" जगननं काचेवर बोट ठेवलं.

पोपटनं काकाला घरी बसवलं, आणि पेटीही त्याच्याच घरी टाकली. रोह्याला गेलात तर बघा. माळ्यावर आहे. सातव्या खांबाच्या जागी लाल टिकली, अजून.

लाइटची वायर? ती जगननं तेव्हाच कापून टाकली.

विठू... आता लाव बॅटरी.