दोन मात्रा, एक काना

"हे नाव घासून काढता येईल का?"

पनवेलच्या जुन्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात मैनाने पिशवीतून पितळेचा तांब्या काढला. भांड्यांवर नावं घालणाऱ्या तरुणाने तो उजेडाकडे फिरवला. तांब्याच्या पोटावर बारीक ठिपक्यांनी कोरलं होतं – मैना.

"कुणाचं नाव?"

"पणजीचं. आणि... माझंही. ऑफिसात टेबलावर ठेवायचाय. लोक हसतात हो! मैना म्हटलं की लगेच विचारतात, पोपट कुठाय?"

त्याने हसू मिशीत दाबलेलं तिला दिसलं.

"आम्ही नावं घालतो, काढत नाही." त्याचा अंगठा ठिपक्यांवरून हळूच फिरला. "आणि हे तर किती सुरेख आहे. दोन मात्रा, एक काना. एका श्वासात लिहून होतं. मैना म्हणजे बोलकी, घर जागं ठेवणारी. हल्लीच्या नावांचा अर्थ मोबाइलवर शोधावा लागतो. हे नुसतं ऐकलं तरी किलबिल होते."

पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दिवसभर चार वाक्यंही न बोलणारी मैना त्या दिवशी तांब्या तसाच घेऊन नवीन पनवेलला परतली. बसमध्ये तिने स्वतःचं नाव दोनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं.

पुढच्या शनिवारी ती वाटी घेऊन आली. मग झारा. मग चहाचं गाळणं.

"गाळण्यावर नाव?" त्याने विचारलं. "कुठे घालू? भोकांत?"

"दांड्यावर जागा आहे. मी मोजलीय."

"मोजलीय!" तो खळखळून हसला.

आतून दुकानाचे मालक काशिरामशेठ ओरडले, "सत्यजीत, मॅडमना विचार, घरात अजून भांडी मावतात का?"

अशी तिला त्याच्या नावाची ओळख झाली. तिने ते तोंडाने कधी उच्चारलं मात्र नाही.

श्रावणातल्या एका शनिवारी तिने स्टीलचा डबा पुढे केला. त्याने मशीन हातात घेतलं, पण सुरू केलं नाही.

"आडनाव घालू? की... थांबू या थोडं? बदलायचं असेल तर..." त्याचे कान लाल झाले होते. "माझं आडनाव छोटं आहे. या डब्यावर सहज मावेल."

मैनाने बोलायला तोंड उघडलं. नेमके तेव्हाच काशिरामशेठ गिऱ्हाइकांना घेऊन बाहेर आले. ती गडबडली. रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला रोज म्हणायची, तो शब्द सवयीने जिभेवर आला.

"नको... नुसतं मैनाच घाला, दादा."

त्याने तिच्याकडे पाहिलं, अगदी क्षणभर. मग मान खाली घालून मशीन सुरू केलं. डबा परत देताना तो म्हणाला, "घ्या, ताई."

प्रयोगशाळेत एखादा आकडा शंकास्पद वाटला तर मैना चाचणी पुन्हा करायची. कधी तीनदाही. इथे मात्र 'तसं नव्हतं म्हणायचं मला' हे एवढंसं वाक्य तिला जमेना. पुढचे तीन शनिवार ती ते घोकत आली. दरवेळी कुणीतरी गिऱ्हाईक उभं असायचं... निदान ती स्वतःला तसं सांगायची.

चौथ्या शनिवारी दुकानात दुसरं कुणीच नव्हतं. तिने श्वास घेतला – आणि त्याने कागदात गुंडाळलेली वाटी पुढे केली.

"माझं लग्न ठरलं, ताई. महाडला. तिथेच दुकान टाकतोय. ही तुमच्यासाठी. शेवटची... आता शनिवार बंद."

"अभिनंदन," मैना म्हणाली.

"तांब्यावरचं नाव घासू नका हं. माझ्या आजोबांचा हात आहे तो. पहिल्याच दिवशी ओळखला होता मी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"म्हटलं, सावकाश सांगू. तुम्ही येतच होतात की."

घरी येऊन तिने वाटी ओट्यावर ठेवली. कडेला तिचं नाव होतं, मशीनचं नव्हे. हाताने एकेक ठोकलेल्या ठिपक्यांचं. किती वेळ लागला असेल! तिने वाटी उलटी केली. बुडाशी, तशाच ठिपक्यांत, एक ओळ होती.

'दादाकडून सप्रेम भेट.'

तिने त्या शब्दावर अंगठा घासला. मग नख. तो जाणार नव्हता. तिनेच तर दिला होता.

"सत्यजीत," ती म्हणाली. पहिल्यांदाच... मोठ्याने. ओट्यावरच्या भांड्यांखेरीज ऐकायला कुणी नव्हतं. त्या सगळ्यांवर तिचंच नाव होतं.