साडेपाच तास मागे

घड्याळ मागे पडतंय, एवढ्याच तक्रारीसाठी लखननं मालेगावहून कॉम्प्युटरवाल्या नोमानला बोलावून घेतलं होतं. शिरपूरला एसटी स्टँडसमोर, देवळाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी लखनचं ऑनलाइन सेंटर आहे. पुढे दुकान, मागे घर, मधे फुलाफुलांचा पडदा. सातबारा काढून द्यायचा, यात्रेकरूंची परतीची तिकिटं काढायची, पासपोर्ट फोटो छापायचे, असली कामं. सोयाबीन नुकतंच निघालं होतं. गावभर धूळ होती, मळणीच्या कुटाराचा वास होता, आणि लखनच्या कॉम्प्युटरचं घड्याळ दुपारनंतर बरोबर साडेपाच तास मागे जात होतं. घड्याळ चुकलं की ऑनलाइनची अर्धी कामं अडतात आणि गिऱ्हाईक उगाच तोंडाकडे बघत बसतं.

नोमाननं आधी आतला सेल बदलला. मग घड्याळ मागे पडतंय ते नेमकं किती, हे विचारलं आणि हसायलाच लागला.

"सेल खराब नाही, भाऊ. या मशीनमधी दोघं राहतात. एक तुमचं विंडोज, एक ते पहिलं लिनक्स. विंडोज आपल्या इथला टाइम धरते, आन ते दुसरं विलायतेचा. दोघांत साडेपाच तासाचा फरक. ते चालवून बंद केलं का आपला टाइम मशीनमधी ठेवून जाते, आन तुमचं विंडोज त्यालेच इथला समजते."

लखन म्हणाला, म्हणजे बिघडलं काय?

"बिघडलं काहीच नाही. मधात कोनीतरी ते दुसरं चालू करून राह्यलं, बस."

नोमान म्हणाला, एक छोटी सेटिंग बदलतो, दोघांचं घड्याळ जुळून जाईल. लखन पटकन म्हणाला, राहू दे. चहा पाजून त्यानं नोमानला वाटेला लावलं, आणि बराच वेळ त्या घड्याळाकडे बघत बसला. चोर पकडायला आपसूक हाती आलेली खूण कोण मोडून टाकेल? आणि लखनसारखा जळका माणूस तर मुळीच नाही.

कारण ते दुसरं कोणाचं होतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या बायकोचं, ज्योत्स्नाचं, हे दुसरं लग्न. तिचा पहिला नवरा राजपाल मेडशीला कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचा. तापाचं निमित्त झालं आणि भरल्या तब्येतीचा माणूस गेला. पुढे दोन वर्षांनी लखनशी पाट लागला. लखनचं तोवर कुठे जमलं नव्हतं, त्यामुळे त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. त्याची आई तुळसाबाई मात्र जुन्या वळणाची. पहिल्यानं मागे येऊ नये म्हणून तिनं गाडी गावाच्या शिवेवर थांबवली, सुनेच्या हातानं तिथे नारळ ठेवला आणि मागे वळून बघू नको म्हणून बजावलं. सगळं रीतसर झालं. फक्त त्याच गाडीत, मागच्या सीटवर, गोधडीत गुंडाळलेला राजपालचा कॉम्प्युटर होता. त्या घरून ज्योत्स्नानं आणलेली ती एकच वस्तू, आणि शिवेवर ती उतरवून ठेवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

लखनचा जुना कॉम्प्युटर तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता, म्हणून हाच दुकानात लावला. त्यात विंडोज टाकायला नोमान आला तेव्हा ज्योत्स्ना पडद्याआडून एवढंच म्हणाली होती, "त्यांचं पुसू नका. राहू द्या एका बाजूले."

लखन मोठ्या मनानं हो म्हणाला. नव्या नवऱ्याचं मन मोठंच असतं. पण तेव्हापासून मशीन चालू केलं की आधी काळा पडदा यायचा, त्यावर दोन पांढऱ्या ओळी. वरची राजपालची, खालची लखनची. कडेला दहापासून उलटे आकडे पडत. शून्य व्हायच्या आत खालचा बाण दाबला तर लखनचं चालू व्हायचं, नाहीतर आपोआप वरचं. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या खुर्चीत बसून लखन रोज सकाळी बाण दाबून त्या माणसाच्या एक पायरी खाली उतरायचा. एकदा त्यानं ज्योत्स्नाला म्हटलंही, की ओळी उलट करून घेतो. ती सहज म्हणाली, "पह्यले तेच होते ना." तिनं भाजी चिरता चिरता म्हटलं आणि विसरली. लखनच्या काळजात ते काट्यासारखं राहिलं.

तसे काटे पुष्कळ होते. राजपाल तिला एका खास नावानं हाक मारायचा, हे लखनला तिच्या भावजयीकडून कळलं होतं. त्यानं लाडीगोडी लावून विचारलं, तर ती म्हणाली, ते नाव त्यांच्यासोबत गेलं, तुम्ही दुसरं ठेवा. लखननं तीन-चार नावं ठेवून पाहिली. ती ओ द्यायची, हसायचीसुद्धा, पण शेजाऱ्याच्या पोराला बघून हसावं तसं. राजपालला बारमाही सर्दी, तो रुमालावर निलगिरीचं तेल टाकून हुंगायचा, हे तिनंच एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून लखनला निलगिरीचा वास सोसेना. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, मारामारी करता येत नाही, तो म्हातारा होत नाही, त्याचं पोट सुटत नाही. लखनला त्याचा राग यायचा. खरं सांगायचं तर त्याचा हेवा वाटायचा, इतका की घास घशाखाली उतरत नसे.

आता दुपारी जेवून लखन मागच्या खोलीत आडवा व्हायचा, तेव्हा दुकान ज्योत्स्नाच सांभाळायची. म्हणजे आपण घोरत असताना ही पडद्यापलीकडे पहिल्याच्या घरात जाऊन बसते. लखननं दोन-चार दिवस पाळत ठेवायचं ठरवलं, पण जेवण झालं की त्याचे डोळे असे जड व्हायचे की काही विचारू नका. उठून बघावं तर घड्याळ मागे. दुकानात निलगिरीचा वास, बोटांना चिकटून राहील इतका.

शेवटी त्यानं तोंड उघडलं. ज्योत्स्ना आधी गोंधळली, मग चिडली.

"मी कायले बसू? मी तर मांगं भांडे घासून राह्यली होती," ती म्हणाली. "तुमीच बसले होते तिथी. मी पाह्यलं ना डोयानं."

इतकं धडधडीत खोटं! लखन त्या रात्री तिच्याकडे पाठ करून झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती रिठदला माहेरी निघून गेली. भाचीचं बारसं होतं, पण बारसं नसतं तरी गेली असती.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी लखननं नोमानला पुन्हा बोलावलं आणि सांगितलं, ते पहिलं पुसून टाक.

नोमाननं विचारलं, वहिनीले विचारलं ना? लखन म्हणाला, हो, तिनंच सांगितलं. नोमान पुसण्याआधी एकदा आत डोकावला, कामाचं काही राहून जायला नको म्हणून. मग म्हणाला, "चालू असते वाटते हे. कालच दुपारी कोनी बसलं होतं. चांगलं दिवस बुडेपर्यंत."

काल दुपारी ज्योत्स्ना रिठदला होती. घरात लखन आणि तुळसाबाई, दोघंच. तुळसाबाईला टीव्हीचा रिमोट धड कळत नाही. पण हेवा मोठा आंधळा असतो. विचार करत बसलो तर हात थांबेल, हे त्याला कळलं, म्हणून त्यानं विचार केला नाही.

"पुसून टाक," तो म्हणाला.

दहा मिनिटांचं काम. राजपालच्या वाटणीची जागा मोकळी झाली. नोमाननं मशीन पुन्हा चालू केलं तर काळ्या पडद्यावर एकच इंग्रजी ओळ आली, आणि तिच्याखाली नुसती लुकलुकणारी रेघ. ओळीचा अर्थ असा, की तशी जागाच नाही. ना विंडोज उघडे, ना काही.

"होते असं," नोमान म्हणाला. "मशीनले सवय ना. अजूनही पह्यले त्यालेच हाक मारते. तो सापडत नाही म्हनून अडून बसलं."

त्यानं पेनड्राइव्ह लावून खटपट केली, हाक मारायची ती वाट मोडून टाकली आणि विंडोज सरळ उघडायला लागलं. दोन ओळी नाहीत, उलटे आकडे नाहीत. दुकानात मघापासून निलगिरीचा वास इतका दाटला होता की नोमानच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो कुणाला सर्दी झाली का म्हणून विचारत होता. मग एकाएकी वास गेला. सगळाच गेला. लखनला त्याच वेळी एक जांभई आली, मोठी, छाती भरून.

संध्याकाळी त्यानं तुळसाबाईला सगळं सांगितलं. वाटलं, आई खूश होईल. ती वाती वळत होती. तिचे हात थांबले.

"पुसलं म्हन्तोस," ती म्हणाली. "पन शिवेपलीकडे नेऊन सोडलं काय? का घरातल्या घरातच पुसलं…?"

लखन हसला. म्हातारीला कॉम्प्युटरमधलं काय कळतं!

ज्योत्स्ना परत आली. एकदा दुकानात मशीन चालू होताना तिनं पाहिलं आणि तिला कळलं. ती रडली नाही की भांडली नाही. "एका बाजूले होते ते," एवढंच म्हणाली. "तुमचं काय घेत होते?" त्यानंतर तिचं बोलणं बंद झालं. ताट वाढायची, पण समोर बसायची नाही. त्याच्याकडे पाहायची ते भिंतीकडे पाहावं तसं. लखनला वाटलं होतं की तो गेल्यावर ती सगळी आपली होईल. आता त्याला शेजाऱ्याच्या पोराला मिळावं ते हसूसुद्धा मिळेना. घड्याळ मात्र सेकंदाचाही फरक न पडता बरोबर चालत होतं.

आणि मग तो दिवस आला. लखन जेवून आडवा झाला नाही, कारण एका यात्रेकरू कुटुंबाचं तिकीट काढायचं होतं. ती मंडळी देवळात दर्शनाला गेली होती, येतो म्हणाली होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात बारा वाजून दहा मिनिटं झालेली लखननं स्वतः पाहिली. बाहेर पांढरं ऊन. त्याला जांभई आली.

त्यानं तोंड मिटलं तेव्हा कोपऱ्यात पाच चाळीस झाले होते.

झालं, पुन्हा घड्याळ बिघडलं, असं मनात म्हणत त्यानं खिशातून मोबाइल काढला. मोबाइलमध्येही पाच चाळीसच. त्यानं बाहेर पाहिलं. ऊन पिवळं पडून समोरच्या भिंतीवर चढलं होतं. संध्याकाळची मालेगाव गाडी स्टँडवर लागत होती. टेबलावर त्या कुटुंबाची तिकिटं छापून, व्यवस्थित घडी घालून ठेवलेली. लखन कधी घडी घालत नसे. घड्याळ बरोबर होतं. मागे पडला होता तो स्वतः.

पडदा हलला. ज्योत्स्ना दारात उभी होती. डोळे रडून लाल झाले होते, पण चेहरा असा उजळला होता की लखननं या घरात तसा कधी पाहिला नव्हता. ती त्याच्याकडे बघत होती. थेट त्याच्याकडे.

"तुमाले कोनी सांगतलं?" तिनं हळूच विचारलं.

"काय?"

"ते नाव." ती लाजली. "दुपारपासून त्याच नावानं हाका मारून राह्यले… आन आता काय म्हन्ता?"

नाव लखनला माहीत नव्हतं. जिभेवर नव्हतं, कानात नव्हतं. घाम पुसायला म्हणून त्यानं खिशात हात घातला तर रुमाल ओला लागला, आणि त्याचा वास दुकानभर झाला.

"पुन्हा एक डाव म्हना ना…" ज्योत्स्ना म्हणाली.

खरं सांगून टाकावं, की बाई, तो मी नव्हतो. एवढंच सांगायचं होतं, एक बाण दाबायचा होता. पण सांगितलं की तो चेहरा विझणार, पुन्हा ती भिंतीकडे बघितल्यासारखी बघणार. आणि लाजेची गोष्ट अशी, की त्या घटकेलाही लखनला भीतीपेक्षा हेवाच जास्त वाटला. आख्खी दुपार हा चेहरा कुणीतरी पाहिला होता, याच डोळ्यांनी, आणि त्यानं नाही.

ज्योत्स्ना एक पाऊल पुढे आली. ती वाट बघत होती.

लखन मनातल्या मनात दहापासून उलटं मोजू लागला. तीनपर्यंत आल्याचं त्याला आठवतं.